फोनचे चार्जिंग टिकत नाही? आधी दुखणे ओळखा, मग या चुका टाळा

‘बॅटरी लवकर संपते’ या एका तक्रारीमागे दोन वेगळी दुखणी असतात. एकात बॅटरी धडधाकट असते, पण फोनच तिला दिवसभर उपसत राहतो. दुसऱ्यात बॅटरी खरोखर थकलेली असते. पहिल्या दुखण्यावर नवी बॅटरी टाकली तर पैसे पाण्यात. दुसऱ्यावर कितीही ब्राइटनेस कमी केला तरी फोन संध्याकाळपर्यंत पोचत नाही. म्हणून निदान न करता उपाय सुरू करणे हीच पहिली चूक.

निदान घरच्या घरी होते. रात्री झोपताना फोन ६० ते ८० टक्क्यांवर असेल तेव्हा चार्जरला न लावता ठेवा आणि आकडा लिहून ठेवा. सात-आठ तासांत ३ ते ६ टक्के उतरले तर काळजीचे कारण नाही. १५-२० टक्के उतरले, तर दुसऱ्या रात्री हाच प्रयोग एअरप्लेन मोडवर करा. (अलार्म वाजतो, फोन मात्र येणार नाहीत, घरातल्या कोणाला तुमची गरज लागण्यासारखी असेल तर ती रात्र निवडू नका.) आता उतार १-२ टक्क्यांवर आला तर बॅटरी ठीक आहे, दोष कमी रेंजचा किंवा इंटरनेटवर सतत काहीतरी करणाऱ्या ॲपचा. एअरप्लेन मोडवरही तितकेच उतरले, तर फोन एकदा रीस्टार्ट करून पुन्हा पाहा. फरक नसेल तर दुरुस्तीवाल्याला दाखवा.

थकलेल्या बॅटरीची खूण वेगळी असते. २५-३० टक्के दिसत असताना कॅमेरा उघडला की फोन एकदम बंद पडतो आणि चार्जर लावताच पुन्हा २० टक्के दाखवतो. वय झालेल्या बॅटरीचा अंतर्गत रोध, म्हणजे वीज देताना आतून होणारा अडथळा, वाढतो. कॅमेरा किंवा गेम एकदम जास्त करंट मागतो, व्होल्टेज खाली बसते आणि फोन स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो. बॅटरी वर्षभराच्या आतली असूनही आकडा उड्या मारत असेल, तर बहुधा फोनचे मोजमाप चुकले आहे. एकदाच फोन बंद पडेपर्यंत वापरा आणि मध्ये न काढता १०० टक्के भरा.

पण हे ‘एकदाच’. दर वेळी शून्यावर आणून मग शंभर भरायची सवय जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळातली आहे. १९९१ पासून बाजारात आलेल्या लिथियम-आयन बॅटरीला ती घातकच ठरते. शंभर टक्के भरलेल्या बॅटरीचे व्होल्टेज ४.३५ ते ४.४५ व्होल्टच्या आसपास असते आणि या ताणाखाली आतली रसायने लवकर झिजतात. अगदी तळ गाठणेही वाईट. २० ते ८० टक्क्यांचा पट्टा सर्वांत आरामाचा. थोडे थोडे चार्ज केल्याने बॅटरीचे आयुष्य ‘मोजून कमी’ होत नाही: ५० टक्के दोनदा भरले की एक सायकल होते. ॲपलच्या म्हणण्यानुसार आयफोन १४ पर्यंतच्या बॅटऱ्या आदर्श स्थितीत ५०० सायकलनंतर ८० टक्के क्षमता राखतात, तर आयफोन १५ पासूनच्या १००० सायकलनंतर.

रात्रभर चार्जिंगला लावल्याने फोन ‘ओव्हरचार्ज’ होत नाही, तो भरणे आपोआप थांबवतो. नुकसान होते ते शंभरवर तासन् तास, तेही उशीखाली गरम राहिल्यामुळे. आयफोन १५ आणि पुढचे, पिक्सेल, सॅमसंग आणि इतर अनेक फोनमध्ये बॅटरीच्या सेटिंगमध्ये ८० टक्क्यांची मर्यादा मिळते, ती लावून टाका. प्रवासाच्या दिवशी मात्र बिनधास्त शंभर भरा. बॅटरी तुमच्यासाठी आहे.

<b>खरा शत्रू उष्णता</b>

वर सांगितलेले सगळे पाळले आणि फोन तापू दिला, तर फारसे काही हाती लागत नाही. ॲपल आयफोन वापरण्यासाठी ० ते ३५ अंश ही मर्यादा सांगते. नागपूर, चंद्रपूर, अकोल्यात मे महिन्यात सावलीतच ४५ अंश होतात, म्हणजे फोन काही न करताही मर्यादेबाहेर असतो. त्यात दुचाकीच्या होल्डरवर ऊन, चालू नकाशा, पूर्ण ब्राइटनेस आणि गाडीवरच्या यूएसबीतून चार्जिंग: चार उष्णता एकाच वेळी. डिलिव्हरीचे काम करणाऱ्यांच्या बॅटऱ्या यामुळेच लवकर जातात. निघण्यापूर्वी घरी चार्ज करा, दुपारी गाडीवर चार्जिंग टाळा, थांबलात की फोन खिशात किंवा सावलीत घ्या. कारच्या डॅशबोर्डवर फोन ठेवून जाऊ नका. चार्ज करताना जाड कव्हर काढा आणि गेम बंद ठेवा. वायरलेस चार्जिंगमध्ये वीज उष्णतेच्या रूपात जास्त वाया जाते, म्हणून उन्हाळ्यात केबलच बरी.

तापलेला फोन फ्रिजमध्ये ठेवणे ही फार महागात पडणारी चूक. आत वाफेचे पाणी होऊन बोर्डवर बसते. कव्हर काढून फोन फरशीवर ठेवा आणि पंखा लावा, दहा-पंधरा मिनिटांत काम होते.

<b>फोन उपसतोय, तर कुठे पाहावे</b>

घाटात, लोकलमध्ये, तळघरात रेंज कमी झाली की फोन टॉवरपर्यंत पोचण्यासाठी जास्त ताकद लावतो. दोन सिम असतील तर दोन्ही शोधत बसतात. जिथे ५जी अर्धवट येते तिथे सिमच्या सेटिंगमध्ये ४जी निवडा. ज्या सिमला गावात रेंजच नाही ते तात्पुरते बंद करा.

डार्क मोडचा (काळ्या पार्श्वभूमीचा) फायदा ओएलईडी किंवा ॲमोलेड पडद्यावरच, कारण त्यात काळा भाग विझलेला असतो, तोही ब्राइटनेस जास्त असताना. एलसीडी पडद्यात काळ्या रंगामागचा दिवा जळतच असतो. पडद्याचा रिफ्रेश रेट (चित्र सेकंदाला किती वेळा बदलते) १२० हर्ट्झ ऐवजी ६० निवडल्यानेही बचत होते.

ॲप वर सरकवून बंद करत राहू नका, पुन्हा उघडताना जास्त वीज लागते. बॅटरीच्या सेटिंगमध्ये कोणते ॲप किती खाते ते पाहा आणि फक्त त्यालाच पार्श्वभूमीत चालायची मनाई करा. व्हॉट्सॲपवर ही बंदी घालू नका, मेसेज उशिरा येतील. लोकेशन ‘ॲप वापरतानाच’ ठेवा. ‘बॅटरी सेव्हर’ नावाची डाउनलोड केलेली ॲप काढून टाका, ती स्वतःच चालू राहतात.

<b>चार्जिंग हळू होते, पिन ढिली वाटते</b>

जॅक खराब झाल्याचे सांगून बदलून घेण्यापूर्वी टॉर्चने आत पाहा. खिशातला कापसाचा धुरळा दाबून दाबून तळाशी करड्या नमद्यासारखा बसतो आणि पिन पूर्ण आत जात नाही. फोन बंद करा, लाकडी टूथपिक सपाट तासून मधल्या पट्टीला न खरवडता कडेने अलगद ओढा. सुई किंवा सेफ्टी पिन नको, फुंकरही नको, तोंडाची ओल आत जाते. तरीही हळूच होत असेल तर केबल बदलून पाहा: ६७ वॉटचा चार्जरही भलत्या केबलवर बऱ्याचदा १० वॉटच्या आसपास येतो.

मागचे झाकण उचलले गेले, पडदा कडेने सुटला किंवा फोन टेबलावर डुलू लागला, तर बॅटरी फुगली आहे. चार्जिंग लगेच बंद करा, फोन बंद करा, दाबून बसवू नका, टोचू नका. ती काढायचे काम दुरुस्तीवाल्याचे. जुनी बॅटरी कचऱ्यात न टाकता ई-कचरा संकलनात द्या. बदली बॅटरी घेताना मूळ आकारातच जास्त एमएएच (क्षमता) लिहिलेली दिसली तर घेऊ नका. आणि एकदा उघडलेल्या फोनचे पाण्यापासूनचे सील पूर्वीसारखे राहत नाही, तेव्हा पावसाळ्यात असा फोन प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा.