रिव्ह्यूत पहिल्यांदा उभं राहताना: सातपूर-अंबडच्या नव्या इंजिनिअरांसाठी

डिप्लोमा किंवा डिग्री करून नाशिकच्या सातपूर, अंबड नाहीतर जवळच्या सिन्नरच्या कारखान्यात ट्रेनी म्हणून लागलं, की दोन-तीन महिन्यांतच साहेब कधीतरी सांगतात, "सोमवारच्या रिव्ह्यूत रिजेक्शन तू मांड." म्हणजे आढावा बैठकीत किती नग नापास झाले आणि का, ते तू सांग. पोटात गोळा येतो. इंग्रजी कच्चं आहे म्हणून आपल्याला जमणार नाही, अशी बहुतेकांची समजूत असते. इंग्रजी ही त्यातली लहान अडचण आहे. मोठी अडचण क्रमाची असते.

कॉलेजच्या सेमिनारात आधी प्रस्तावना, मग थिअरी, शेवटी निष्कर्ष. कारखान्यात दहा मिनिटं मिळतात आणि पाचव्या मिनिटाला साहेबांचा फोन वाजतो. निष्कर्ष शेवटच्या स्लाइडवर असेल तर तो राहूनच जातो. म्हणून तो पहिल्याच वाक्यात हवा. समजा महिन्याला ४०,००० बुश (गोल, पोकळ सुटे भाग) निघाले आणि ४८० रिजेक्ट झाले. सुरुवात अशी करा: "रिजेक्शन १.२ टक्के आहे. ४८० पैकी ३१० नग एकाच मशीनवरचे, बोअरचं फिनिश खराब झाल्यामुळे गेले. इन्सर्ट ४०० नगांऐवजी ३०० नगांवर बदलायचा आहे, त्या खर्चाला मंजुरी हवी." (बोअर म्हणजे बुशचं आतलं भोक, इन्सर्ट म्हणजे कापणाऱ्या हत्याराची बदलता येणारी धार.) आकडा, कारण, मागणी. एवढं बोलून झालं की उरलेला वेळ पुराव्याचा. ही मागणीच नवखे विसरतात. माहिती सगळी देतात, पण समोरच्यानं नेमकं काय करायचं ते सांगत नाहीत. मग "बरं, बघू" म्हणून विषय संपतो आणि महिनाभराची मेहनत वाया जाते.

सावकाश, समजेल असं बोलताना मिनिटाला साधारण १२० शब्द होतात. दहा मिनिटांत सात मिनिटांचंच बोलणं धरा, म्हणजे आठशे-साडेआठशे शब्द. बाकीची तीन मिनिटं प्रश्नांची. स्लाइड पाच-सहा पुरेत. एका स्लाइडवर एकच आलेख आणि मथळ्यात विषयाऐवजी पूर्ण विधान. "रिजेक्शन अ‍ॅनालिसिस" या मथळ्यातून काही कळत नाही; "६५ टक्के रिजेक्शन एकाच मशीनवर" यातून सगळं कळतं. अक्षर २४ पॉइंटच्या खाली नको. एक्सेलचा अख्खा तक्ता चिकटवला, की मागच्या खुर्चीवरचे लोक वाचायचा प्रयत्नच सोडून देतात.

मराठी मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्या फाँटमधला मजकूर दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडला की अगम्य चिन्हं दिसतात. सोबत पीडीएफची प्रत ठेवा आणि दहा मिनिटं आधी जाऊन प्रोजेक्टरला केबल लावून बघा.

सराव मनातल्या मनात करून काही उपयोग नाही. उभं राहून, मोठ्यानं, मोबाइलवर रेकॉर्ड करत तीनदा बोला. ऐकताना "म्हणजे", "अ‍ॅक्च्युअली", "बेसिकली" किती वेळा आलं ते मोजा. त्यांच्या जागी दोन सेकंद गप्प राहायचं. बोलणाऱ्याला ती शांतता फार लांब वाटते. ऐकणाऱ्याला तेवढ्यात आकडा पचवता येतो. सगळं भाषण पाठ करू नका, एक शब्द निसटला की पुढचं सगळं कोसळतं. पहिली दोन आणि शेवटचं एक वाक्य मात्र पाठ हवं.

इंग्रजीत बोलायचं असेल तर आधी मराठीत मुद्दे लिहा, मग दहा-बारा शब्दांची छोटी इंग्रजी वाक्यं करा. लांब वाक्य सुरू झालं की क्रियापद हरवतं.

कान तयार करायला नाशिककरांना चांगली सोय आहे: मे महिन्यातली गोदाघाटावरची वसंत व्याख्यानमाला. वही घेऊन बसा आणि विषय कुठलाही असो, वक्त्याची पहिली दोन मिनिटं टिपा. तो सुरुवात कशानं करतो, आवाज कुठे खाली आणतो, कुठे थांबतो.

प्रश्न आला की तो आपल्या शब्दांत परत म्हणा, मग उत्तर द्या. आकडा माहीत नसेल तर अंदाजानं ठोकू नका. "आकडा आत्ता हाताशी नाही, पाच वाजेपर्यंत मेल करतो" हे उत्तर चालतं. मात्र पाचच्या आत मेल जायलाच हवा. चुकीचा आकडा एकदा पकडला गेला की पुढे बरोबर आकड्यांवरही शंका घेतली जाते.

तेवढंच महत्त्वाचं बोलणं शॉपफ्लोअरवर, म्हणजे मशीनपाशी होतं. पाळी बदलताना मशीन नंबर, काय बिघडलं, काय केलं, काय बाकी आहे, या क्रमानं सांगा. मशीनच्या आवाजात "पंधरा" आणि "पन्नास" यांची गल्लत होते, म्हणून आकडा लिहून द्या. वीस वर्षं मशीनवर काढलेल्या ऑपरेटरला "समजलं का?" विचारू नका, ते उद्धट वाटतं. "काका, सेटिंग काय ठेवणार?" असं विचारा. त्यांच्या उत्तरातून निरोप नीट पोचला की नाही ते कळतं, आणि आपलीच काही चूक असेल तर ते तिथल्या तिथे सांगतात.

मीटिंग संपली की त्याच दिवशी पाच ओळींचा मेल टाका: काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत. "लवकरात लवकर" लिहू नका, तारीख लिहा.