एस-३ वर व्हर्जनिंग आधीच चालू करा
अ‍ॅमेझॉन एस-३ वर (फाइली इंटरनेटवर साठवायची सेवा) नवी बकेट, म्हणजे फाइली ठेवायचा कप्पा, उघडलीत की लगेच व्हर्जनिंग (फाइलच्या जुन्या प्रती जपणारी सोय) चालू करा. ते आपोआप चालू नसतं. मग त्याच नावाची फाइल पुन्हा चढवली तरी जुनी प्रत शाबूत राहते. फाइल डिलीट झाली तरी घाबरू नका, वर फक्त एक डिलीट मार्कर, म्हणजे 'डिलीट झाली' अशी खूण, बसलेला असतो. कन्सोलमध्ये (एस-३ हाताळायच्या वेबपानावर) 'शो व्हर्जन्स' चालू करून तेवढा मार्कर काढा, फाइल परत जागेवर! (मार्करऐवजी खालची प्रतच पुसलीत तर ती कायमची गेली, इथे हात जपून.) मात्र प्रत्येक प्रत पूर्ण जागा खाते: १ जीबीचा बॅकअप रोज त्याच नावाने गेला, तर महिनाअखेर ३० जीबी. म्हणून जुन्या प्रती ७ दिवसांनी पुसणारा लाइफसायकल रूलही त्याच बैठकीत लावा.