कोवळा घोडा अचानक बिथरला तर
महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर रपेट करताना बाहेरच्या बसचा हॉर्न ऐकून किंवा वाऱ्यावर फडफडणारी प्लास्टिकची पिशवी पाहून नवशिका घोडा उधळला, तर दोन्ही लगाम एकदम खेचण्याचा मोह आवरावा, कारण तोंडावर सरळ ताण आला की तो त्याच ताणाविरुद्ध जोर लावतो. त्याऐवजी टाचा खाली दाबून, खोगिरात नीट बसून एकच लगाम आखूड करावा आणि त्याची मान हळूहळू बाजूला वळवत वर्तुळ लहान करत न्यावे. मागचे पाय आडवे पडू लागले की जोर ओसरतो. भरधाव वेगात मात्र मान झटक्याने वळवू नये, घोडा तोल जाऊन कोसळू शकतो. तो मागच्या पायांवर उभा राहिला, तर लगाम सैल सोडून पुढे झुकावे. चाबूक, माझ्या मते, यांपैकी कशावरही उपाय नाही.