सॅफ टेस्ट करताय? ओ-रिंगला आधी जेट ए-१ पाजा

१९ मे २०२३ ला पुण्याहून दिल्लीला देशी सॅफ (सस्टेनेबल एव्हिएशन फ्युएल, म्हणजे खनिज तेलाऐवजी जैविक वगैरे कच्च्या मालापासून केलेलं विमानाचं इंधन) मिसळून विमान गेलं तेव्हापासून कॉलेजची पोरं विचारतात की विमानाच्या फ्युएल सिस्टिमच्या पार्टवर सॅफ कसं टेस्ट करायचं. माझं म्हणणं, पंपाच्या आधी साधी नायट्राइल रबरची ओ-रिंग (जोडातून गळू नये म्हणून बसवतात ती गोल सील) घ्या, कारण लीक होतं ते तिथंच.

कारण असंय की नेहमीच्या जेट ए-१ मधे, म्हणजे विमानाच्या साध्या इंधनात, ॲरोमॅटिक्स (बेंझिनसारखी कडी असलेले हायड्रोकार्बन) असतात, नायट्राइल ते पिऊन फुगतं आणि त्या फुगण्यावरच सील घट्ट बसतं. हेफासारख्या (तेल-चरबीपासून बनवलेल्या) सॅफमधे ॲरोमॅटिक्स जवळपास नसतातच. म्हणून तर ५०% पर्यंतच मिसळायची परवानगी आहे आणि मिश्रणात किमान ८% ॲरोमॅटिक्स लागतात.

आता टेस्ट. एकाच बॅचच्या ओ-रिंग घ्या, प्रत्येक फ्युएलसाठी तीन तरी, सोबत फ्लोरोसिलिकॉन नावाच्या दुसऱ्या रबरच्या पण घ्या, त्या फारशा फुगत नाहीत त्यामुळे तुलना करता येते. प्रत्येक रिंग आधी हवेत तोला, मग पाण्यात बुडवून तोला, दोन्हीतला फरक म्हणजे तिचं आकारमान. बुडबुडा चिकटलेला राहिला तर आकडा चुकलाच म्हणून समजा. मग झाकणाच्या काचेच्या बाटलीत ७० तास बुडवून ठेवा आणि परत तसंच तोला, पण बाहेर काढल्यावर पटकन पुसून लगेच तोलायचं, फ्युएल उडून जातं. जेट ए-१ चा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते) ३८ अंश सेल्सिअसच्या वर एवढाच असतो, त्यामुळे जवळ हीटर किंवा ठिणगी अजिबात नको.

खरी गोष्ट इथंच आहे, बरेच जण नवी कोरी रिंग थेट सॅफमधे टाकतात, ती थोडी फुगते आणि रिपोर्टमधे पास लिहून मोकळे होतात, पण विमानातली रिंग वर्षानुवर्षं जेट ए-१ मधे फुगलेली असते, तिच्यातलं प्लास्टिसायझर (रबर मऊ ठेवणारं रसायन) पण निघून गेलेलं असतं, अशी रिंग सॅफमधे गेली की आक्रसते आणि गळायला लागते. म्हणून आधी जेट ए-१ मधे मुरवा, तोला, मग सॅफमधे टाका, परत तोला. सर्व्हिसमधून काढलेल्या जुन्या रिंग मिळाल्या तर सोन्याहून पिवळं.

शेवटी तीच रिंग खऱ्या कपलिंगमधे (पाइपच्या जोडात) बसवून प्रेशर द्या, आधी रूम टेंपरेचरला, मग थंड करून. थंडीत रबर कडक होतं, रूममधे पास झालेली रिंग बरेचदा तिथं गळते.