हिस्पॅनिक-लॅटिनो पेशंट कॅन्सर जेनेटिक्सच्या स्टडीत येत नाहीत? आधी या चुका टाळा

अमेरिकेत स्टडीसाठी पेशंट जमवणाऱ्या आपल्या मुलामुलींकडून एक वाक्य हमखास ऐकू येतं, "ते लोक तयारच होत नाहीत." मला हे अजिबात पटत नाही, बऱ्याचदा त्यांना कुणी धड विचारलेलंच नसतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे "हिस्पॅनिक", म्हणजे मूळचे लॅटिन अमेरिकेकडचे किंवा स्पॅनिश बोलणाऱ्या देशांतले लोक, हा एकच गट धरून चालणं. अमेरिकेच्या 2020 च्या जनगणनेत हे 6 कोटी 21 लाख लोक आहेत. मेक्सिकोकडच्यांत मूळनिवासी वंशाचा वाटा मोठा, पोर्तो रिकोकडच्यांत आफ्रिकन वंशाचा त्या मानाने जास्त, आणि म्युटेशन, म्हणजे जीनमधले बिघाडही वेगवेगळे. मेक्सिकन कुटुंबांत बीआरसीए1 या जीनमधला (यात बिघाड असेल तर स्तन आणि अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका वाढतो) 9 ते 12 एक्सॉनचा, म्हणजे जीनच्या भागांचा, अख्खा तुकडाच गायब असलेला सापडतो, हे साध्या सिक्वेन्सिंगमध्ये, म्हणजे जीनची अक्षरं वाचणाऱ्या टेस्टमध्ये, निसटू शकतं, आणि कोलोरॅडोच्या सॅन लुईस व्हॅलीतल्या कुटुंबांत तर अश्केनाझी, म्हणजे मूळच्या मध्य-पूर्व युरोपातल्या, ज्यूंमध्ये दिसणारं त्याच जीनमधलं 185डेलएजी हे म्युटेशन आहे! म्हणून फॉर्मवर नुसती टिक करून सोडू नका, आजी-आजोबा चौघंही कुठले ते विचारा.

फॅमिली हिस्ट्री घेताना "तिया" शब्द आला की थांबायचं. आपल्याकडे मावशी, आत्या, काकू, मामी म्हटलं की नातं लगेच कळतं, स्पॅनिशमध्ये चौघीही तियाच. मामी-काकूचा पेशंटशी रक्ताचा संबंधच नाही, त्यामुळे आईकडची की वडिलांकडची, सख्खी की लग्नाने आलेली, हे विचारलं नाही तर कुटुंबात कुणाला कॅन्सर होता ते दाखवणारा अख्खा चार्ट चुकतो.

कन्सेंट फॉर्म, म्हणजे संमतीचा कागद, गूगल ट्रान्सलेटमधून काढून हातात ठेवणं, किंवा सोबत आलेल्या बारा वर्षांच्या मुलीला आईच्या कॅन्सरचं भाषांतर करायला लावणं, हे कृपा करून करू नका. ट्रेन केलेला इंटरप्रिटर बोलवा. शिवाय मेक्सिकोतल्या ओआहाकाकडून आलेल्या काहींची घरची भाषा मिस्तेको किंवा सापोतेको असते, स्पॅनिश नाही.

सहीची भीती उगाच नाहीये. 1946 ते 48 मध्ये ग्वाटेमालात अमेरिकन सरकारच्या डॉक्टरांनी लोकांना न सांगता सिफिलिसची लागण केली होती, आणि लॉस एंजेलिसच्या काउंटी हॉस्पिटलमध्ये मेक्सिकन बायकांकडून ऐन बाळंतपणाच्या कळांत नसबंदीच्या कागदांवर सह्या घेतल्या गेल्या, 1978 मध्ये कोर्टात त्या हरल्याही. म्हणून घाई नको, फॉर्म घरी नेऊ द्या, नवऱ्याशी, बहिणीशी बोलू द्या. गरज नसेल तर सोशल सिक्युरिटी नंबर मागू नका. जीनच्या माहितीवरून भेदभाव करू न देणारा अमेरिकेचा 2008 चा जीना (GINA) कायदा नोकरी आणि हेल्थ इन्शुरन्समध्ये संरक्षण देतो पण लाइफ इन्शुरन्समध्ये नाही, हेही लपवू नका, नंतर बाहेरून कळलं तर विश्वास गेलाच.

पेशंट हो म्हणून येतच नाही? मग तुमची वेळ बघा. रोजंदारीवरच्या बाईला मंगळवारी सकाळी 10 ची अपॉइंटमेंट म्हणजे दिवसाची मजुरी बुडाली. संध्याकाळ किंवा शनिवार ठेवा, आणि पहिला फोन प्रोमोतोराला, म्हणजे त्यांच्याच वस्तीतल्या आरोग्यसेविकेला करू द्या.

रक्त घेऊन गायब होणं ही शेवटची चूक, आणि माझ्या मते सगळ्यात वाईट. या लोकांचा डेटा कमी असल्याने "जीनमध्ये बदल आहे पण त्याचा अर्थ अजून माहीत नाही" असा रिझल्ट त्यांच्यात जास्त येतो. तो पोस्टाने पाठवू नका, फोन करून समजावा की हा कॅन्सर नाही आणि याच्यावर ऑपरेशनचा निर्णयही घ्यायचा नाही. असा रिझल्ट काही वर्षांनी बदलू शकतो, आणि तोवर मोबाइल नंबर बदललेला असतो, म्हणून पहिल्याच दिवशी घरातल्या अजून एका माणसाचा नंबर परवानगीने लिहून घ्या.