टाइल्स बसवायच्या आधीच चिमणी ठरवा
किचनचं काम काढलं की सगळे आधी टाइल्स आणि ट्रॉल्यांच्या मागे लागतात आणि चिमणीचं शेवटी बघू म्हणतात, तसं अजिबात करू नका, कारण चिमणीचा पाइप कुठून बाहेर काढायचा हे भिंत फोडलेली असतानाच ठरवायला लागतं. पाइप जितका छोटा आणि सरळ तितकी चिमणी चांगली ओढते, दोन-तीन कोपरे फिरवून नेला की कितीही भारी मॉडेल घ्या, धूर घरातच घुटमळतो. बहुतेक चिमण्यांना 6 इंची पाइप लागतो, भोक लहान पडलं म्हणून कोणी 4 इंचीवर आणत असेल तर सरळ नाही म्हणा, आवाज वाढतो आणि ओढ कमी होते. रुंदी शेगडीएवढी तरी हवीच, आणि उंची शेगडीपासून साधारण 65 ते 75 सेमी, पण मॅन्युअलमध्ये काय दिलंय ते आधी बघा, गॅसला आणि इंडक्शनला वेगळं असू शकतं. प्लग पॉइंट चिमणीच्या वरच्या बाजूला काढून घ्या, शेगडीच्या मागे वायर लोंबकळायला नको. आणि हो, दुकानात जाळी स्वतःच्या हाताने काढून परत लावून बघा, तिथेच जड गेली तर घरी तेलकट झाल्यावर कोणी धुणार नाही.