कॉन्झर्व्हेटिव्ह विचार वाचायला घेताय? आधी या चुका टाळा

माझ्या कपाटात रसेल कर्क या अमेरिकन लेखकाचं ‘द कॉन्झर्व्हेटिव्ह माइंड’ आहे. फोर्टातल्या फुटपाथवर घासाघीस करून घेतलेलं. त्याच्या ५२व्या पानात बोरिवली–चर्चगेटचा मासिक पास खुणेला घातला होता. पास संपला, पुढचे कित्येक पास संपले, खूण तिथून हलली नाही. दोष पुस्तकाचा नव्हता. मी ते चुकीच्या वेळी आणि भलत्याच अपेक्षेने उघडलं होतं. दादरला आमचा सात-आठ जणांचा वाचनकट्टा भरतो. तिथे नवा येणारा जवळपास प्रत्येक जण याच खड्ड्यात पडताना दिसतो, म्हणून हा खटाटोप.

मराठी शब्दाने घात होतो

‘पुराणमतवादी’ म्हटलं की डोळ्यांपुढे शेंडी येते. ‘प्रतिगामी’ ही तर शिवीच. ‘सनातनी’ म्हटलं की गाडी धर्माकडे वळते आणि ‘उजवे’ म्हटलं की काल रात्रीच्या टीव्हीवरच्या आरडाओरड्याकडे. त्यातल्या त्यात ‘परंपरावादी’ बरा, पण तोही पुरता बसत नाही, कारण या मंडळींतले बरेच जण बदल नको असं म्हणतच नाहीत. म्हणून कट्ट्यावर आम्ही ‘कॉन्झर्व्हेटिव्ह’ हाच शब्द ठेवला, टेबल-खुर्चीसारखा. एकदा मराठी शब्द चिकटवला की पहिलं पान उलटायच्या आधीच निकाल लागलेला असतो.

मग म्हणणं तरी काय आहे यांचं? आमच्या आत्याची गिरगावातली चाळ रीडेव्हलपमेंटला गेली. नव्या नकाशात लिफ्ट होती, प्रत्येकाला स्वतंत्र संडास होता, गॅलरी मात्र नव्हती. ती काय काम करत होती हे कुणी विचारलंच नव्हतं. तिथे पापड वाळायचे, म्हातारी माणसं बसायची, कुणाकडे कोण आलं ते दिसायचं, आणि शाळेतून आलेल्या पोराकडे किल्ली नसली तरी ते वाऱ्यावर पडायचं नाही. कॉन्झर्व्हेटिव्ह माणूस म्हणेल, पाडा, पण आधी तिचं काम काय होतं ते सांगा. चेस्टरटन या इंग्रज लेखकाने १९२९ साली हेच रस्त्यातल्या कुंपणाचं उदाहरण देऊन मांडलं: ते का घातलं हे ज्याला माहीत नाही, त्याने ते काढू नये. आता आत्याला विचारा. ती म्हणते, गॅलरीची आठवण येते, पण सकाळी बादली घेऊन रांगेत उभं राहायला तुम्ही जा. या सगळ्या पुस्तकांतला झगडा मला या दोन वाक्यांत दिसतो.

पुस्तकात आजचा पक्ष शोधू नका

ही सगळ्यात मोठी चूक. माणूस पुस्तक उघडतो आणि आपण मत दिलेला किंवा न दिलेला पक्ष त्यात हुडकतो. तो सापडत नाही, मग चिडचिड.

भारतात तर हा गुंता अधिकच आहे. राजाजी आणि मिनू मसानी यांनी १९५९मध्ये स्वतंत्र पक्ष काढला. मसानी त्याआधी, १९४३मध्ये, मुंबईचे महापौर होते. लायसन्स-परमिट राज नको, सरकारने बाजारातून पाय काढावा, असं या पक्षाचं म्हणणं. १९६७मध्ये लोकसभेत त्याचे ४४ खासदार होते. जनसंघाच्या दीनदयाळ उपाध्यायांनी एकात्म मानववाद मांडला तो एप्रिल १९६५मध्ये, आपल्याच मुंबईत चार व्याख्यानं देऊन. तिथे भांडवलशाही आणि साम्यवाद दोन्हींवर टीका आहे. सावरकरांचं ‘हिंदुत्व’ १९२३चं. पण हेच सावरकर रत्नागिरीत १९३१ साली पतितपावन मंदिर सर्वांना खुलं करवून घेतात आणि गाईबद्दल असं लिहितात की परंपरावाद्याला ठसका लागावा. या तीन विचारांना ‘उजवे’ म्हणून एकाच फळीवर ठेवलंत तर एकही धड कळणार नाही.

अर्थतज्ज्ञ फ्रीडरिश हायेकचंही तसंच. सगळे त्याला या यादीत घालतात. त्याने स्वतः १९६०च्या पुस्तकाला जोडलेल्या प्रकरणाचं नाव आहे ‘मी कॉन्झर्व्हेटिव्ह का नाही’. त्याचं ‘द रोड टू सर्फडम’ जरूर वाचा, पण बाजारावरचा विश्वास आणि जुन्या गोष्टींबद्दलची माया या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे ध्यानात ठेवून. बाजार तर चाळी पाडतो.

बर्क पहिल्या पानापासून सुरू करणं

अठराव्या शतकातला ब्रिटिश खासदार एडमंड बर्क याचं फ्रेंच राज्यक्रांतीवरचं पुस्तक, १७९०चं, सगळ्या याद्यांत पहिलं असतं. लोक ते विकत घेतात आणि तिसऱ्या दिवशी सोडतात. कारण साधं आहे. ते मुळात एका तरुण फ्रेंच माणसाला लिहिलेलं लांबलचक पत्र आहे, त्यात प्रकरणंच नाहीत, आणि सुरुवातीलाच बर्क रिचर्ड प्राइस नावाच्या पाद्र्याच्या प्रवचनावर घसरतो आणि इंग्लंडच्या १६८८च्या सत्तांतरात शिरतो. आपल्याला त्याचं काय?

माझा उपाय असा. आधी त्याचं १७८३चं ईस्ट इंडिया कंपनीवरचं भाषण वाचा. कंपनीने हिंदुस्थानात काय लूट चालवली ते तो संसदेला ऐकवतो, आणि आम्ही इंग्रज अजून जंगलात होतो तेव्हा हे लोक सुसंस्कृत होते, असं तोंडावर सांगतो. पुढे बंगालचा माजी गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज याच्यावरचा महाभियोग त्याने १७८८पासून सात वर्षं लढवला. हेस्टिंग्ज सुटला, ती गोष्ट वेगळी. हा माणूस कशासाठी भांडतोय हे इथे कळतं: दुसऱ्याचं जुनं घर माहीत नसताना मोडणाऱ्या सत्तेविरुद्ध. मग फ्रान्सचं पुस्तक घ्या. समाज म्हणजे जिवंत, मेलेले आणि अजून न जन्मलेले यांची भागीदारी, असा जो उतारा आहे तो हुडकून तिथून सुरू करा. प्राइसचा भाग नंतर बघता येईल.

आणि बर्क एकटा वाचू नका. तो फ्रान्सच्या राणीसाठी गळा काढतो तेव्हा वाचणाऱ्याचेही डोळे पाणावतात. लगेच क्रांतीच्या बाजूने लिहिणाऱ्या टॉमस पेनचं १७९१चं उत्तर, ‘राइट्स ऑफ मॅन’, काढा. पेन म्हणतो, याला पिसांची हळहळ वाटते, मरणारा पक्षी दिसत नाही. मी हे दोघे एका आठवड्यात वाचले आणि दोघांशीही भांडलो.

व्याख्या पाठ करणं

इंग्रज तत्त्वज्ञ मायकेल ओकशॉटच्या १९५६च्या ‘ऑन बीइंग कॉन्झर्व्हेटिव्ह’ या निबंधातलं वाक्य पुष्कळांना पाठ असतं: अनोळखीपेक्षा ओळखीचं पसंत करणं, वगैरे. पण त्याची खरी मेख ‘रॅशनॅलिझम इन पॉलिटिक्स’मध्ये आहे. तो म्हणतो, ज्ञान दोन प्रकारचं. एक पाककृतीच्या पुस्तकात उतरवता येतं, दुसरं हातात असतं. हे वाचताना अडलात तर आईला पुरण कधी झालं ते कसं कळतं म्हणून विचारा. “पळी उभी राहिली की झालं.” बरं, पळी किती वेळ उभी राहायला हवी? “बघितलं की कळतं.” सरकारी योजना आखणाऱ्याकडे पुस्तक असतं, ‘बघितलं की कळतं’ नसतं, ही ओकशॉटची तक्रार. माझा त्याच्यावर एक राग आहे. पुरण कळणाऱ्या त्या हाताला कधी स्वयंपाकघराबाहेर पडू दिलं का, हे तो विचारत नाही.

परदेशी फळीवरच थांबणं

याची मला खरी खंत आहे. हा वाद आपण मराठीत दीडशे वर्षं घालतोय, आणि आपलीच पोरं तो इंग्रजी अनुवादातून शिकल्यासारखा शिकतात.

१८९१चा संमतिवयाचा कायदा घ्या. मुलीचं शरीरसंबंधासाठीचं संमतिवय १०वरून १२ करायचं, एवढंच. आगरकर ‘सुधारका’तून कायद्याच्या बाजूने. टिळकांचं म्हणणं, आमच्या घरातल्या चालीरीतींत परक्या सरकारने कायद्याचा हात घालू नये, समाज स्वतः बदलू दे. हा अस्सल कॉन्झर्व्हेटिव्ह युक्तिवाद आहे, आणि हलका नाही. पण तो वाचताना फुलमणी दासी हे नाव शेजारी लिहून ठेवा. त्याच्या आदल्याच वर्षी कलकत्त्यात नवऱ्याच्या जबरदस्तीने दगावलेली ती लहानगी मुलगी होती. समाज सावकाश बदलेपर्यंतची किंमत कोण मोजतं, याचं उत्तर बर्कमध्ये शोधायची गरज उरत नाही.

मग न्यायमूर्ती रानडे वाचा. ते कुठल्या खणात बसतात यावर आमच्याकडे एकदा चहा थंड झाला होता. सुधारक तर खरेच. पण तेच म्हणतात की खऱ्या सुधारकाला कोऱ्या पाटीवर लिहायचं नसतं, बहुतेकदा अर्धवट लिहिलेलं वाक्य पुरं करायचं असतं. बर्कने हे वाक्य आनंदाने आपल्या नावावर खपवलं असतं.

आणि बाबासाहेब. ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’, १९३६. लाहोरचं भाषण रद्द झालं म्हणून त्यांनी ते स्वतः छापलं. परंपरेवर इतका थेट घाव घालणारं दुसरं पुस्तक मला माहीत नाही, आणि त्यात बर्क आहे! ज्या राज्याकडे बदलाचं काही साधन नाही त्याच्याकडे टिकून राहण्याचंही साधन नाही, हे बर्कचं वाक्य बाबासाहेब उचलतात आणि म्हणतात, राज्याबद्दल जे खरं ते समाजाबद्दलही खरं. बर्कचीच काठी बर्कच्या चाहत्यांवर. महाराष्ट्र शासनाने काढलेल्या इंग्रजी ग्रंथमालेच्या पहिल्याच खंडात हे आहे.

क्रम विचाराल तर

आधी इंग्रज तत्त्वज्ञ रॉजर स्क्रूटनचं २०१४चं ‘हाऊ टु बी अ कॉन्झर्व्हेटिव्ह’. सोपं आहे, बापाशी झालेल्या भांडणापासून सुरू होतं (बाप लेबर पक्षाचा शिक्षक), आणि समाजवादातलं खरं काय यावरही एक प्रकरण आहे, जे त्याच्या चाहत्यांनी सहसा वाचलेलं नसतं. मग १८९१चा वाद, मग बाबासाहेब, मग बर्क आणि पेन जोडीने, मग ओकशॉट. कर्क सगळ्यात शेवटी. बर्कपासून तत्त्वज्ञ सांतायनापर्यंतची (पुढच्या आवृत्त्यांत कवी एलियटपर्यंतची) वंशावळ त्याने अमेरिकेत बसून मागाहून जुळवली आहे, आणि माणसं ओळखीची झाल्याशिवाय वंशावळ वाचवत नाही.